म्हणाले, सांगितले आणि ‘दावा केला’



या सदरात आपण दर महिन्याला रोजच्या वापरातला एखादा शब्द घेऊन त्याच्यापाशी थोडा वेळ थांबतो. या वेळचा शब्द वर्तमानपत्रातला आहे. सकाळी चहाबरोबर पेपर उघडा, नाही तर मोबाइलवर बातम्या पाहा. पाच मिनिटांत तो डोळ्यांसमोर येतोच. अमुक नेत्याचा मोठा दावा. तमुक डॉक्टरांचा दावा. पोलिसांचा दावा. कुटुंबीयांचा दावा. इतक्या वेळा येतो की त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. पण बातमीत एखाद्याचे बोलणे कोणत्या क्रियापदाला बांधले आहे, यावर त्या माणसाची अब्रू अवलंबून असते. आपल्या समाजाने याचा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

आधी शब्दाचे घराणे पाहू. ‘दावा’ आपल्याकडे अरबीतून, फारसी-उर्दूच्या वाटेने आला. अरबीतल्या मूळ धातूचा अर्थ हाक मारणे, बोलावणे. ‘दुआ’ त्याच धातूची आणि ‘दावत’ही त्याच धातूची. दुआ म्हणजे अल्लाहला हाक, दावत म्हणजे माणसांना हाक आणि दावा म्हणजे एखाद्या वस्तूला हाक मारून ‘ही माझी’ म्हणणे. उर्दूत फिर्यादीला ‘मुद्दई’ म्हणतात, तोही याच कुटुंबातला. मराठीत हा शब्द कोर्टकचेरीतून रुजला: दिवाणी दावा, दावा दाखल करणे, दावेदार. मराठीने त्याला आणखी एक रंग दिला, वैराचा. ‘त्याने दावा साधला’ म्हणजे त्याने जुन्या वैराचे उट्टे काढले.

म्हणजे मुळात हा न्यायालयातला शब्द आहे. न्यायालयात दावा करणाऱ्यासमोर दुसरा पक्ष उभा असतो. पुरावा द्यावा लागतो. मध्ये न्यायाधीश बसलेला असतो आणि शेवटी निकाल लागतो. वर्तमानपत्राने शब्द तेवढा उचलला. दुसरा पक्ष, पुरावा आणि निकाल पुष्कळदा न्यायालयातच राहिले.

शब्द योग्य जागी कधी असतो?

या शब्दाला सरसकट वाईट म्हणता येणार नाही. आमच्या पवईतलेच उदाहरण घ्या. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला आयआयटीची झाडी, पलीकडे आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. अधूनमधून कोणी तरी रात्री बिबट्या पाहिल्याचे सांगते. बिबटे या पट्ट्यात खरोखर येतात, तशी अंधारात भटकी कुत्रीही फिरतात. अशा वेळी बातमीदाराने ‘बिबट्या दिसल्याचा रहिवाशांचा दावा’ असे लिहिले तर ते रास्त आहे. बोलणारे प्रामाणिक असतील, पण पडताळणी अजून झालेली नाही, एवढेच तो शब्द सांगतो. वनखात्याच्या माणसांना ठसे मिळाले किंवा कॅमेऱ्यात प्राणी दिसला, की दुसऱ्या दिवशी तोच बातमीदार ‘बिबट्याचा वावर’ असे लिहील आणि ‘दावा’ गळून पडेल.

थोडक्यात, जी गोष्ट तपासता येते पण अजून तपासली गेलेली नाही, तिच्यासाठी हा शब्द आहे. तपास झाला की त्याचे काम संपते. इथवर तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते.

एकाला ‘सांगितले’, दुसऱ्याला ‘दावा’

आम्ही आठवीच्या वर्गात एक उपक्रम घेतो. मुलांनी घरून जुनी वर्तमानपत्रे आणायची, गुन्ह्याच्या आणि आंदोलनाच्या बातम्या निवडायच्या आणि कोण बोलले त्याखाली निळी रेघ, कोणत्या क्रियापदाने बोलले त्याखाली लाल रेघ मारायची. मग फळ्यावर दोन रकाने करायचे. कुठल्याही वर्गात करून पाहा. पहिल्या रकान्यात अधिकारी, पोलीस, कंपनी, मंत्री येतात. त्यांची क्रियापदे अशी असतात: सांगितले, स्पष्ट केले, माहिती दिली, निदर्शनास आणून दिले, उघड केले. दुसऱ्या रकान्यात झोपडीवासी, कामगार, आरोपीची आई, आजाऱ्याचे नातेवाईक येतात. त्यांची क्रियापदे: दावा केला, आरोप केला, कांगावा केला, असे त्यांचे म्हणणे आहे.

नमुन्यादाखल दोन वाक्ये पाहू. ‘जमाव हिंसक झाल्यामुळे लाठीमार करावा लागल्याचे पोलिसांनी स्पष्ट केले. आपण शांतपणे बसलो होतो, असा दावा महिलांनी केला.’ दोन्ही पक्ष मांडले, म्हणजे बातमी वरवर निष्पक्ष. पण ‘स्पष्ट केले’ म्हणताच पहिले वाक्य सत्य ठरले, कारण जे आधीपासून खरे असते तेच स्पष्ट करता येते. ‘दावा केला’ म्हणताच दुसऱ्या वाक्यावर शंकेची सावली पडली. बातमीदार तिथे हजर नसेल तर दोन्ही बाजूंची किंमत त्याच्यासाठी सारखीच आहे. दोघांनाही ‘सांगितले’ म्हणा किंवा दोघांनाही ‘दावा केला’ म्हणा. इंग्रजी वृत्तसंस्थांत नव्या बातमीदाराला म्हणूनच शिकवतात की साधे ‘सेड’ हेच क्रियापद सर्वांत सुरक्षित. ‘क्लेम’ लिहिलेस तर तुझा अविश्वास आत शिरतो. आपल्या मराठीचे ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ हे शब्दही तितकेच सोज्वळ आहेत. ते कोणाची बाजू घेत नाहीत.

मराठीच्या व्याकरणातही एक वाट निसरडी आहे. ‘त्यानेच बॉम्ब ठेवल्याचे तपासात उघड झाले.’ इथे बोलणारा माणूसच गायब आहे. कोणी उघड केले? कोणापुढे? ‘उघड झाले’, ‘निष्पन्न झाले’, ‘समोर आले’ ही क्रियापदे दारात चपला न ठेवता घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखी आहेत. कोणाकडून आली ते कळत नाही आणि थेट आत येऊन बसतात.

अकरा मिनिटे आणि एकोणीस वर्षे

आता ज्या कारणासाठी हा शब्द या महिन्यात घेतला, त्याकडे येऊ.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. त्यात सर्व धर्मांचे लोक होते, कामावरून घरी निघालेले. त्यांच्या घरच्यांचे दुःख या चर्चेत कायम समोर ठेवले पाहिजे, कारण खरा गुन्हेगार सापडावा हा पहिला हक्क त्यांचा आहे.

पुढच्या काही महिन्यांत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, तेरा जणांना अटक केली. पोलिसांची बाजू कबुलीजबाबांवर मोठ्या प्रमाणात उभी होती. सर्वसाधारण कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. मोक्का कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली ग्राह्य धरता येते. त्यामुळे मोक्का लागताच ‘कबुली दिली’ या दोन शब्दांना मोठे वजन आले. मारहाण करून कबुली घेतली, असे आरोपी आणि त्यांच्या घरचे लोक सांगत राहिले. न्यायालयात त्यांनी कबुलीजबाब नाकारले.

२००८ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे म्हणून काही तरुण पकडले आणि त्यांच्यातल्या एकाच्या जबाबातून रेल्वेतले स्फोट त्या गटाने घडवल्याची वेगळीच हकिकत पुढे आली. एकाच गुन्ह्याच्या दोन हकिकती, दोन्ही तपास यंत्रणेच्या. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नव्हते. ‘पोलिसांचा दावा’ हा शब्द या प्रकरणात सर्वांत आधी कुठे शोभला असता, तर तो इथे.

सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. एकाची निर्दोष मुक्तता झाली. ते अब्दुल वाहिद शेख, पेशाने शिक्षक. नऊ वर्षे तुरुंगात काढून ते बाहेर आले, ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक त्यांनी लिहिले आणि उरलेल्या बारांसाठी ते बोलत राहिले.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सर्व बाराजणांना निर्दोष सोडले. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असे न्यायालयाने म्हटले. कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत, ओळख परेडमधल्या त्रुटी दाखवल्या, साक्षीदारांच्या आठवणींवर प्रश्नचिन्ह लावले. बारांपैकी एक जण निकाल ऐकायला उरला नव्हता. २०२१ मध्ये कोविडने तुरुंगवासातच त्याचा मृत्यू झाला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायला सांगितले नाही.

एकोणीस वर्षे मागे जाऊन हिशेब मांडा. घरच्यांनी ‘आमचा मुलगा निर्दोष आहे’ म्हटले तो ‘दावा’ होता. यंत्रणेने ‘हाच गुन्हेगार’ म्हटले ते ‘उघड झाले’ होते. उच्च न्यायालयाच्या तराजूत पहिल्याचे पारडे जड निघाले. दरम्यान मुलांची शाळा, बहिणींची लग्ने, भाड्याचे घर, नोकरी या सगळ्यांनी त्या एका क्रियापदाचा भार उचलला. घरमालक निकालपत्र वाचत नाही, तो पेपर वाचतो.

मालेगावातही हेच घडले. ८ सप्टेंबर २००६, शबे बरातचा दिवस, जुम्याची नमाज, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट. मेले ते मुस्लीम आणि पकडले गेले तेही मुस्लीम, नऊ जण. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले.

२०२० च्या टाळेबंदीत तबलीगी जमातीच्या बाबतीत जे छापले आणि दाखवले गेले, तेही आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांतल्या प्रचारावर कडक शब्दांत बोट ठेवले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचे नमूद केले. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. निकालाची बातमी कितव्या पानावर होती, ते ज्याचे त्याने आठवावे.

‘खळबळजनक दावा’

या शब्दाचा एक उलटा वापरही वाढला आहे. दुर्बळाच्या बोलण्यावर शंका दाखवायला जो शब्द वापरतात, तोच मोठ्या आवाजात बोलणाऱ्याची जबाबदारी टाळायलाही वापरतात. एखादा पुढारी सभेत उठून एखाद्या वस्तीबद्दल, एखाद्या धंद्याबद्दल, आपल्या मुलींच्या लग्नांबद्दल काहीही बोलतो. संपादकाला ठाऊक असते की याला आधार नाही. मग मथळा येतो: ‘अमुक यांचा खळबळजनक दावा’. छापायचे तर आहेच, पण आपण नाही म्हटले, त्यांनी म्हटले. वाचकाच्या मनात मात्र ‘दावा’ राहत नाही, दाव्यातली गोष्ट तेवढी राहते. संध्याकाळी नाक्यावर तो तीच गोष्ट सांगतो, ‘दावा’ वगळून.

खरे तर पडताळणी हेच बातमीदाराचे काम. आकडा सांगितला गेला असेल तर तो सरकारी नोंदीशी ताडून पाहता येतो. तसा पाहिला आणि चूक निघाला, तर ‘दावा’ कशाला? ‘चुकीचे विधान’ म्हणा.

वाईट सवारी

आपल्या दीनमध्ये या विषयावर जितके बारीक मार्गदर्शन आहे तितके क्वचितच दुसरीकडे सापडेल. सूरह हुजुरातमधली आज्ञा सर्वांना ठाऊक आहे: बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर खातरजमा करा, नाही तर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. भाष्यकार हिची पार्श्वभूमी अशी सांगतात की जकात गोळा करायला पाठवलेल्या एका माणसाने परत येऊन, त्या कबिल्याने जकात नाकारली अशी खबर दिली होती. खबर खोटी होती. तिच्यावर विसंबून सैन्य निघाले असते तर निरपराध माणसे मेली असती.

आणखी एक हदीस आहे, जी आजच्या विषयाला नेमकी लागू पडते. अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आली आहे. अरबीत ‘ज़अमू’ म्हणजे ‘त्यांनी दावा केला’, ‘लोक म्हणे असे सांगतात’. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी या एका शब्दाला माणसाची वाईट सवारी म्हटले, असा तिचा आशय आहे. सवारी म्हणजे ज्यावर बसून माणूस हव्या त्या ठिकाणी पोहोचतो. ‘लोक म्हणतात’ या घोड्यावर बसले की कोणाच्याही अंगणात घुसता येते आणि पायाला धूळ लागत नाही. मराठीतले आपले ‘म्हणे’ हे तेच जनावर. ‘त्यांची मुलगी म्हणे रात्री उशिरा येते.’ बोलणारी बाई मोकळी, मुलगी मात्र बदनाम.

दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा, हा इस्लामी न्यायशास्त्राचा पायाच आहे. लोकांना केवळ दाव्यावर मिळू लागले, तर ते दुसऱ्याच्या प्राणावर आणि मालमत्तेवर हक्क सांगू लागतील, असा एका प्रसिद्ध हदीसचा भावार्थ आहे.

हदीसच्या विद्वानांनी तर क्रियापदांचे शास्त्रच केले. ‘त्यांनी आम्हांला ऐकवले’ वेगळे, ‘त्यांच्याकडून’ वेगळे. सनद पक्की असेल तर ‘म्हणाले’ असे ठाम रूप. शंका असेल तर ‘असे सांगितले जाते’ असे कर्ता लपवणारे रूप. वाचणाऱ्याला क्रियापदावरूनच कळावे की किती भरवसा ठेवायचा. इमाम बुखारी यांनीही आपल्या संग्रहात हा फरक पाळलेला दिसतो. त्यांच्याकडे ‘असे सांगितले जाते’ हे सावध राहण्याची खूण होते. आजच्या बातमीत तीच कर्ताहीन रचना ठामपणा आणण्यासाठी वापरतात. शास्त्र उलटे झाले.

तराजू सर्वांसाठी एकच

आता थोडे कडू बोलू. २१ जुलैच्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या दुसऱ्या स्फोटाचा, म्हणजे २९ सप्टेंबर २००८ च्या खटल्याचा निकाल लागला. त्या स्फोटात सहा जण गेले होते. विशेष एनआयए न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. पहिल्या निकालाला ‘न्याय झाला’ म्हणणाऱ्या काही तोंडांतून दुसऱ्या निकालावर वेगळेच शब्द आले. उलट बाजूला अगदी याच्या उलट झाले. पहिल्या निकालावर खवळलेले लोक दुसऱ्यावर पेढे वाटत होते.

मालेगावच्या त्या सहा कुटुंबांचे दुःख आपले आहे आणि त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागावी, हा त्यांचा हक्क आहे. तपास कुठे कच्चा राहिला, हे विचारलेच पाहिजे. पण नियम तोच राहील. सिद्ध होईपर्यंत ‘आरोप’, सुटल्यावर ‘निर्दोष सुटलेले’. हे शब्द आपल्या मुलांसाठी मागायचे आणि दुसऱ्यांच्या मुलांना नाकारायचे, हे बसत नाही. शत्रुत्व असले तरी न्याय सोडू नका, ही सूरह माइदामधली ताकीद अशाच अवघड वेळेसाठी आहे. सोप्या वेळी न्यायी राहायला ताकीद लागत नाही.

घरात काय करता येईल?

पहिले, बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावा. हे कोण म्हणते? त्याने पाहिले की ऐकले? दुसऱ्या बाजूला विचारले का? ‘सूत्रांनी सांगितले’ असेल तर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नाही, हे मुलांना आपोआप कळेल.

दुसरे, संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन शब्द वेगळे ठेवा. संशयित म्हणजे ज्याच्यावर नुसता संशय आहे. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवला आहे. दोषी म्हणजे ज्याचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला. उर्दू पेपरातले ‘मुबय्यना’ आणि मराठीतले ‘कथित’ हे शब्द लहान आहेत, पण मथळ्यातून ते गळतात तेव्हा माणूस निकालाआधीच गुन्हेगार ठरतो.

तिसरे, चुकीची बातमी आली तर मोबाइलवर फिरवत आणि चरफडत बसू नका. आधी संपादकाला सभ्य भाषेत पत्र लिहा: तारीख, पान, वाक्य आणि त्यात नेमके काय चुकले. दाद मिळाली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाच्या बाबतीत ती बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते, इतर नियतकालिकांसाठी ही मुदत चार महिन्यांची आहे. परिषद दंड करू शकत नाही, पण ताकीद देऊ शकते आणि ती नोंद राहते. त्यासाठी पेपरचे कात्रण जपून ठेवा. आपल्याकडे राग पुष्कळ असतो, कात्रणे मात्र नसतात.

चौथे, आपल्या घरातले ‘म्हणे’ आवरा. सोयरिकीच्या चौकशीत, भिशीत, जिन्यात, मशिदीबाहेर चपला घालताना आपणही बातमीदारच असतो. कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर, असे वडीलधारे सांगत आले आहेत. त्या चार बोटांत कोणाची तरी अब्रू राहते.

पुढच्या महिन्यापर्यंत घरात एक पेपर, एक निळी पेन्सिल आणि एक लाल पेन्सिल घेऊन बसा. मुलांना रेघा मारू द्या आणि दोन रकान्यांत काय काय आले ते आम्हांला जरूर कळवा. अल्लाहतआला आपल्या जिभेला आणि लेखणीला सचोटी देवो. आमीन.